एक कोटी मेणबत्त्या

खोक्यावर ‘टेन मिलियन कँडलपॉवर’ असं छापलेलं होतं. दुकानदाराने त्याचं जागच्या जागी मराठी केलं, ‘‘एक कोटी मेणबत्त्या, साहेब!’’ माझ्या मेहुण्याने ते मान्य केलं आणि पैसे काढले. मी मात्र मनातल्या मनात त्या मेणबत्त्या लावायला घेतल्या. एकीला काडी लावायला दोन सेकंद धरले, तरी न जेवता, न झोपता साडेसात महिन्यांच्या वर लागतात. तोवर सुरुवातीच्या मेणबत्त्या विझून त्यांचं मेणसुद्धा कुणीतरी खरवडून नेलेलं असणार.

ही मेणबत्ती काल्पनिक नाही बरं का. १८६० साली ब्रिटिश संसदेने लंडनच्या गॅसबत्त्यांसाठी कायदा केला, त्यात ती चोख ठरवून दिलेली आहे. स्पर्म व्हेलच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाची, एक षष्ठांश पौंड वजनाची, तासाला १२० ग्रेन या बेताने जळणारी. म्हणजे साधारण ७५ ग्रॅमची मेणबत्ती आणि तासाला पावणेआठ ग्रॅम खर्च. पुढे व्हेलची यातून सुटका झाली आणि १९४८ मध्ये कँडेला हे एकक आलं. खोकी छापणारे मात्र अजून व्हेलच्याच काळात आहेत, कारण मेणबत्त्यांचा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो.

यातली गोम अशी की, दिव्यातून एकूण उजेड किती निघतो हे कँडेला सांगतच नाही. एका दिशेने तो किती जोरात जातो एवढंच सांगतो. बल्बच्या मागे चकचकीत खोलगट आरसा लावला, की सगळीकडे पसरणारा उजेड एकाच रेषेत जातो आणि त्या रेषेत उभं राहून मोजणाऱ्याला लाखो मेणबत्त्या सापडतात. गावजेवणाच्या वरणाचं अख्खं पातेलं एकाच पानावर उपडं करायचं, त्या पानावरचं वरण मोजायचं, आणि ‘आमच्याकडे माणशी एवढं वाढतात’ म्हणून गावभर सांगायचं, तसा हा हिशोब. खोटं कुणीच बोलत नाही. एवढं करूनही खरोखर मोजायला बसलं, तर खोक्यावरच्या आकड्यातली शून्यं गळायला लागतात, ती गोष्ट वेगळी.

मेहुण्याला हा हातात धरायचा सर्चलाइट कशासाठी हवा होता, हे विचारायचं नसतं. चाकणच्या एका कंपनीत तो मेन्टेनन्सला आहे. बंद पडलेली वस्तू उघडणं ही त्याची नोकरी, आणि चालू वस्तू उघडणं ही आवड. आम्ही दोघं धायरीला एकाच सोसायटीत राहतो, त्यामुळे त्याची आवड मला जिन्यातून ऐकू येते. दिवा आणला त्या रात्री त्याने गच्चीवर नेऊन घोडा दाबला. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर एक पिवळट वर्तुळ पडलं. टाकी भरून वाहत होती, हे त्यांच्या वॉचमनच्या आधी आम्हाला कळलं. मला एवढ्याने समाधान झालं असतं. तो म्हणाला, ‘‘दाजी, यात दम नाही.’’

ज्याला दम नाही असं वाटतं, तो माणूस पुढे काय करणार हे ठरलेलं असतं. आधी स्क्रूड्रायव्हर येतो.

आत निघाला एच-थ्री हॅलोजन, मोटारीच्या फॉग लॅम्पला असतो तसा. ५५ वॉट खाऊन तो साधारण साडेचौदाशे ल्युमेन उजेड देतो; ल्युमेन म्हणजे सगळ्या दिशांचा मिळून एकूण उजेड. उरलेल्या विजेचं काय होतं, ते पुढच्या काचेवर हात ठेवला की कळतं. याच्या जागी मोटारीचा एचआयडी बल्ब बसवायचा, असं मेहुण्याने जाहीर केलं. तो ३५ वॉट घेतो आणि बत्तीसशे ल्युमेनपर्यंत देतो. वीज कमी, उजेड दुपटीहून जास्त. पुण्यात असा सौदा सहसा होत नाही, म्हणून मी खोलात शिरलो.

एचआयडीमध्ये तारच नसते. क्वार्ट्झच्या इवल्याशा फुग्यात झेनॉन वायू, धातूंचे थोडे क्षार आणि जुन्या प्रकारात किंचित पारा. दोन्ही बाजूंनी टंगस्टनच्या दोन काड्या आत येतात आणि एकमेकींपासून चारएक मिलिमीटरवर थबकतात. तेवढ्या फटीत सगळा खेळ. वायूतून वीज सुखासुखी जात नाही, तिला पहिला धक्का वीस हजार व्होल्टच्या वर द्यावा लागतो. एकदा ठिणगीचा पूल बांधला गेला की पुढे ८५ व्होल्टमध्ये भागतं. हा धक्का देणारी आणि नंतर करंटला शिस्तीत ठेवणारी डबी म्हणजे बॅलास्ट. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या सेव्हन सिरीजच्या गाड्यांना हे दिवे लावले, तेव्हा तो श्रीमंतांचा उजेड होता. मग किटची पाकिटं निघाली, स्वस्त झाली, आणि अमेरिकेत गाडी ठेवण्याच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं करणाऱ्या मंडळींचा एक पंथ तयार झाला. हातातल्या सर्चलाइटचं पोट फाडायचं, आतला हॅलोजन काढायचा, मोटारीचा एचआयडी बसवायचा आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचं झाड बघायचं. माझा मेहुणा या पंथात कुणाच्या दीक्षेवाचून गेला.

किट घ्यायला आम्ही नाना पेठेत गेलो. गाडीचा जो भाग जगात मिळत नाही तो तिथे मिळतो, आणि जो मिळतो तो ‘उद्या या’ म्हणून सांगतात.

‘‘किती के देऊ?’’ दुकानदाराने विचारलं. ‘‘चार हजार तीनशे, सहा हजार, आठ हजार, दहा हजार.’’

‘‘फरक काय?’’ मी.

‘‘आकडा मोठा तेवढी पॉवर. आठ हजार न्या, समोरचा आंधळा होतो.’’

हा त्या मालाचा गुण म्हणून सांगितला गेला. वास्तविक हे ‘के’ म्हणजे केल्विन, आणि तो आकडा उजेडाच्या रंगाचा. ४३०० ला पांढरा, सहा हजारला निळसर, आणि दहा हजारला जांभळट. निळ्याच्या बाजूला जाल तसा उपयोगी उजेड कमी होत जातो, कारण आपल्या डोळ्यांना हिरवा-पिवळा जास्त दिसतो आणि निळा कमी. म्हणजे जास्त पैसे देऊन माणूस कमी उजेड घरी नेतो आणि तो निळा आहे म्हणून खूश असतो. मेहुण्याला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, ‘‘चार हजार तीनशे द्या.’’ दुकानदाराने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. घरची परिस्थिती सध्या ओढाताणीची असावी, असं त्याने धरलं.

तिथलं बाकी गिऱ्हाईक हे किट गाडीलाच लावतं. हॅलोजनसाठी घडवलेल्या हेडलाइटच्या आरशात एचआयडी घातला, की झोत रस्ता सोडून वाटेल तिकडे उधळतो. हे कायद्यात बसत नाही आणि घाटात समोरच्याच्या डोळ्यांतही बसत नाही. समोरचा अप्पर-डिप्पर देतो, शिव्या देतो, आणि पुढच्या सुट्टीला स्वतःच नाना पेठेत येतो. दुकानदाराचा धंदा असा समोरासमोरून वाढतो.

शस्त्रक्रिया आमच्या डायनिंग टेबलावर झाली, कारण मेहुण्याच्या घरचं टेबल आधीच्या एका शस्त्रक्रियेतून अजून सावरलेलं नव्हतं. ‘‘ताई, वर्तमानपत्र अंथरलंय,’’ असं त्याने माझ्या बायकोला सांगितलं. ते आजचं होतं.

एच-थ्रीच्या भोकात एचआयडीचं बूड बसत नव्हतं. गोल कानस घेऊन भोक वाढवायला सुरुवात झाली. आरसा म्हणजे काही काच नसते. प्लॅस्टिकच्या वाटीवर ॲल्युमिनिअमचा श्वासाएवढा पातळ थर उडवलेला असतो. त्याला बोट लागलं तर ठसा उमटतो, आणि ठसा पुसायला गेलं तर ठशाबरोबर आरसाही पुसला जातो. त्यामुळे कानशीचा चुरा कापडाने झटकायचा नाही, फुंकायचा. बल्बच्या काचेलाही बोट लावायचं नाही, कारण कातडीचं तेल लागलेली जागा वेडीवाकडी तापते आणि बल्बचं आयुष्य तिथे संपतं. दोन मोठी माणसं टेबलावर ओणवी होऊन एका वाटीत फुंकर घालताहेत, हे दृश्य बघून दूधवाला पैसे न मागता परत गेला.

मग सुरू झालं वायसरचं प्रकरण. ती चार मिलिमीटरची ठिणगी आरशाच्या नाभीत अचूक बसली पाहिजे. मिलिमीटरभर पुढेमागे झाली की भिंतीवरच्या वर्तुळात मधोमध काळं भोक पडतं, आणि ज्या वस्तूकडे दिवा रोखावा नेमकी तीच दिसत नाही, आजूबाजूचं सगळं लख्ख. हे भोक घालवायला बल्बच्या बुडाशी एक वायसर घालायचं, बघायचं, काढायचं, पातळ वायसर घालायचं, पुन्हा बघायचं. त्यातच ठिणगी सरळ नसते. तापलेला वायू वर चढतो म्हणून ती मधोमध कमानीसारखी उचलली जाते. मोटारीचा बल्ब आडवा जळावा या हिशोबाने घडवलेला असतो आणि त्याला वरची बाजू, खालची बाजू असते. मेहुणा ती मार्कर पेनने लिहून ठेवत होता. त्याच्या लग्नाची तारीख त्याला दरवर्षी सांगावी लागते.

माझी बायको स्वयंपाकघरातून बघत होती. ‘‘वीस हजार व्होल्ट म्हणतोस, मग शॉक बसेल ना?’’

‘‘बसला तर कळायचा नाही, ताई.’’

तिने तिथेच मुलांना आजीकडे पाठवून दिलं. ते योग्यच होतं. पेटतानाचा तो धक्का थट्टेचा विषय नाही. बॅटरी सोडवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, आणि बल्बच्या बाहेरची काचेची नळी ‘अजून थोडा उजेड निघेल’ म्हणून काढायची नाही, कारण अतिनील किरण अडवायला ती असते. हा पंथ चालवणाऱ्यांपैकी जे जुने झालेत, ते एवढे दोन नियम पाळूनच जुने झालेत.

बॅलास्टची एक खोड असते. सुरू होताना पहिले काही सेकंद तो नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढतो. कारखान्याने काटकसरीने घातलेली बारीक वायर तेवढ्यात तापली, आवरण मऊ पडलं आणि घरभर वास सुटला. म्हणून जाड वायर आली, जाड वायरसाठी रिले आला, रिलेसाठी जागा हवी म्हणून मुठीतली मूळची छोटी बॅटरी गेली, आणि यूपीएसमध्ये असते ती बारा व्होल्टची दोन किलोच्या वरची बॅटरी आली. ती दिव्यात मावेना. मग ती शबनम पिशवीत घालून खांद्याला लावली. शबनमच्या तोंडातून लाल-काळी वायर बाहेर आलेला माणूस रात्री दहाला जिना चढू लागला, तेव्हा समोरून येणाऱ्या सेक्रेटरींनी भिंतीला चिकटून त्याला वाट दिली आणि ‘‘सगळं ठीक आहे ना?’’ असं मला विचारलं.

गच्चीवर घोडा दाबला. आधी एक निळी चमक, मग काचेत काहीतरी जागं झाल्यासारखं, आणि पाच-दहा सेकंदांत पांढराशुभ्र झोत. चोरावर रोखायचा झाला तर तेवढा वेळ चोराला थांबायला सांगावं लागेल. पण झोत खरोखर देखणा होता. समोरची टाकी आता उगाच जवळ आल्यासारखी वाटत होती, त्यामुळे मेहुण्याने थेट सिंहगडावर नेम धरला. धायरीहून गड सरळ रेषेत दहाएक किलोमीटर असेल.

‘‘पडला! गड उजळला बघा दाजी.’’

मी बघितलं. दूरदर्शनच्या मनोऱ्यावरचा लाल दिवा दिसत होता. तो रोजच दिसतो.

याचा हिशोब मी दुसऱ्या दिवशी केला. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. म्हणून झोत दुप्पट लांब न्यायचा तर दिवा चौपट करावा लागतो. दहा लाख कँडेलाचा दिवा धरला तर गडावर पोचतो एक शतांश लक्स; लक्स म्हणजे जागेवर पडलेल्या उजेडाचं माप. खोक्यावरच्या एक कोटी मेणबत्त्या खऱ्या मानल्या, तरी एक दशांश. पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड साधारण पाव लक्स असतो. म्हणजे मेहुण्याचा दिवा, बॅटरी, शबनम आणि वीस हजार व्होल्ट मिळून चंद्राच्या निम्म्यालाही पोचत नाहीत, आणि चंद्र सगळ्या गडावर पडतो, शिवाय खडकवासल्यावरही.

गंमत म्हणजे दिव्याची लांबी मोजण्याचं जे अमेरिकन मानक २००९ मध्ये निघालं, तेही चंद्रालाच धरून आहे. झोत जिथे पाव लक्सवर येतो, म्हणजे जिथे त्याचं चांदणं होतं, तिथवर तो पोचला असं मानायचं. दहा लाख कँडेलाला हे अंतर भरतं बरोबर दोन किलोमीटर. तेव्हा खोक्यावर ‘दोन हजार मीटर’ असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ दोन किलोमीटरवरची म्हैस तुम्हाला चांदण्यात दिसेल एवढाच. दोन किलोमीटरवरची म्हैस चांदण्यात कुणाला दिसते? मेहुण्याने दुर्बीण घेतली. मी त्याला सुचवलं की कोजागिरीला हाच उजेड फुकट मिळतो आणि वर मसाला दूध असतं. त्याने माझ्याकडे दुर्बिणीतून पाहिलं.

झोत लांब जायचा तर दोनच उपाय. उजेडाचा उगम लहान आणि प्रखर हवा, नाहीतर आरसा मोठा हवा. उगम झाला होता. त्यामुळे काही दिवस घरातल्या खोलगट वस्तू सुरक्षित नव्हत्या. कणकेची परात त्याने उलटी करून पाहिली आणि ‘‘खोली कमी आहे’’ म्हणून परत केली. एका रविवारी भारताची बॅटिंग ऐन रंगात असताना टीव्हीवर ‘सिग्नल उपलब्ध नाही’ झळकलं. सगळी सोसायटी गच्चीवर गेली. मेहुणा फुटपट्टी घेऊन डिशची खोली मोजत होता. ‘‘पॅराबोला एकदम शुद्ध आहे,’’ तो म्हणाला. त्याला वाटलं लोक तेच विचारायला आलेत.

गच्चीवर जमणाऱ्यांना मात्र कशाची मोजदाद नको होती. त्यांना हवेतला तो दांडा आवडायचा, इथून निघून आभाळात घुसलेला. लहान मुलं त्यात हात घालायची. खरं म्हणजे जो उजेड बाजूने दिसतो, तो वाटेतल्या धुळीवर आपटून आपल्याकडे परत आलेला असतो. जायचा होता तिथे न पोचलेला. नवले पुलाकडून ट्रकांची धूळ उडाली की दांडा झकास दिसायचा, आणि पाऊस पडून हवा स्वच्छ झाली की मेहुणा खिन्न. ‘‘आज बीम नाही,’’ म्हणायचा. त्या रात्री दिव्याचा जास्तीत जास्त उजेड टाकीवर पोचत होता आणि बघायला कुणी नव्हतं. धुक्यात तर समोर पांढरी भिंतच उभी राहते. ताम्हिणीत ऐन पावसाळ्यात त्याने दिवा लावला, तेव्हा दिवा बंद केल्यावर रस्ता दिसला.

या नादाचं देवस्थान लास वेगासला आहे. तिथल्या लक्सर नावाच्या पिरॅमिडच्या आकाराच्या हॉटेलच्या टोकातून १९९३ पासून आभाळात सरळ एक झोत सोडतात. प्रत्येकी सात हजार वॉटचे ३९ झेनॉन दिवे. तो झोत काही दाखवत नाही, कारण वर बघण्यासारखं काही नाही. पण त्याच्यामुळे पतंग येतात, पतंगांमागे वटवाघळं येतात, वटवाघळांमागे घुबडं. २००८ पासून खर्च वाचवायला निम्मेच दिवे लावतात असं कळल्यावर मला त्या शहराविषयी पहिल्यांदा आपुलकी वाटली. जुगारावर चालणाऱ्या गावातही कुणाचा तरी बाप ‘‘ते लाइट बंद करा आधी’’ म्हणत फिरतोय.

दिव्याला खरं काम मिळावं म्हणून आम्ही तो जुन्नर तालुक्यात सासुरवाडीला नेला. तिथे रात्रीच्या उजेडाची गरज खरी आहे. थ्री फेज वीज पाळीने येते, आणि रात्रपाळी आली की शेतकरी मोटर सुरू करून अंधारात उसाला दारं धरतो. बांधावर घोणस असू शकते आणि उसात बिबट्या. या तालुक्यात बिबटे एवढे, की माणिकडोहला त्यांच्यासाठी खास निवारा केंद्र आहे. आमचे चुलतसासरे, तात्या, आयुष्यभर जी बॅटरी वापरतात तिचं झाकण सैल आहे. तळहातावर दोन दणके दिले की लागते, आणि विझू नये म्हणून चालताना अधूनमधून एक दणका द्यावा लागतो.

तात्यांनी शबनम खांद्याला लावली, दिवा हातात घेतला, घोडा दाबला. ओढ्यापलीकडचा डोंगर दिसला. डोंगरावरचं झाड दिसलं. तात्या चार पावलं चालले आणि थांबले.

‘‘पायाखालचं काय दिसंना की रं!’’

झोत एवढा बारीक की पायापाशी काळोख. पायाशी रोखला, तर ताटाएवढ्या जागेवर असा लखलखाट की डोळे दिपून बाजूचा बांधही दिसेना. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो. या दिव्याने ती कमाई एका सेकंदात उडते. तात्यांनी एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात आपली जुनी बॅटरी घेतली. दणका द्यायला हात उरला नाही, म्हणून ती मांडीवर आपटत चालू लागले. एवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या शिवारातून कुणीतरी विचारत होतं, ‘‘आमच्या घरावर कोण बॅटरी मारतंय?’’

मग मेहुण्याने दिवा घेतला आणि उसाच्या कडेने फिरवला. लांबवर दोन हिरवट ठिपके चमकले. निश्चल. बऱ्याच जनावरांच्या डोळ्यांत पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो आणि तो आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवतो. त्यामुळे प्रखर झोतात जनावर दिसायच्या कितीतरी आधी नुसते डोळे दिसतात. डोळ्यांमागे कोण आहे, हे सांगायला दिव्याची ताकद पुरत नाही.

‘‘वाघ!’’ कुणीतरी म्हणालं. तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात, त्यामुळे भीतीला थोडी बढती मिळते. वाडीच्या ग्रुपवर मेसेज पडला. ओसरीवरचे दिवे लागले, दोन ठिकाणी फटाके वाजले, काठ्या घेऊन माणसं जमली. ठिपके फटाक्यांनीही हलले नाहीत, यावरून तो म्हातारा आणि सराईत असावा असं ठरलं. घोळक्याने जवळ जाऊन पाहिलं, तर दावं तोडून आलेली शेजाऱ्यांची शेळी उसाची पाचट चघळत उभी होती. लोक परत फिरतात तोच मेहुण्याने झोत दुसरीकडे वळवला. तिथेही डोळे. ते कुत्र्याचे. त्यापुढे बोक्याचे. मग गवतात बारीक बारीक हिऱ्यांसारखे शेकडो ठिपके. ते कोळ्यांचे होते. जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांचे डोळेही असेच चमकतात. सकाळपर्यंत ग्रुपवर ‘वाघ’ चार ठिकाणी दिसला होता आणि एका मेसेजमध्ये त्याला पिल्लंही झाली होती. आदल्या दिवसापर्यंत ही सगळी मंडळी याच डोळ्यांच्या गराड्यात निवांत झोपत होती. निघताना तात्या मेहुण्याला एवढंच म्हणाले, ‘‘पुढच्या टायमाला येताना हे नको आणू. पेरू आण.’’

यानंतर नादाला खरा धक्का दिला तो एलईडीने. माझ्या भाच्याने मुठीत मावणारी टॉर्च मागवली. ना बॅलास्ट, ना शबनम, ना ती पाच-दहा सेकंदांची वाट. बटण दाबलं की झोत टाकीच्या पार. त्याहून नवीन प्रकारात तर लेसरने पिवळा फॉस्फर पेटवून त्याचा पेन्सिलीएवढा बारीक झोत करतात. मेहुण्याने ती टॉर्च हातात घेतली, वजन पाहिलं, उलटीपालटी केली, डोक्याकडून पिळून पाहिली. कारखान्याने डोकं कायमचं चिकटवून टाकलेलं होतं.

‘‘चांगली आहे,’’ तो म्हणाला आणि परत दिली. ‘‘पण उघडायला काही नाही.’’

त्याचा एचआयडी अजून गच्चीवर जातोच. म्हणून एक दिवस लिफ्टशेजारी सूचना लागली : ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, सोसायटीच्या गच्चीवरून कोणीही अवाजवी उजेड पाडू नये. हुकमावरून.’ वार्षिक सभेत हा विषय घेतला गेला. मेहुण्याने हरकत घेतली, की अवाजवी म्हणजे किती ते नमूद नाही, आणि मर्यादा ल्युमेनमध्ये धरायची की कँडेलामध्ये, याचाही खुलासा नाही. खजिनदारांनी विचारलं, यातलं स्वस्त कुठलं. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी, लोहगावला हवाईदलाचा तळ आहे, विमानाच्या दिशेने दिवा गेला तर पोलीस थेट सोसायटीत येतील आणि पार्किंगचा घोळ त्यांच्या नजरेस पडेल, हा मुद्दा मांडला. तो सर्वांना पटला. शेवटी आडवा उजेड चालेल, वर नको, समोरच्या टाकीपर्यंत मुभा, आणि कोजागिरीला सर्व सभासदांनी दिवे बंद ठेवावेत, असा ठराव झाला.

पुढचा विषय दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातल्या बल्बचा होता. तो गणपतीपासून गेलेला आहे. सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने थोडा विचार केला.

‘‘नऊ वॉटचा साधा बल्ब ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तो इलेक्ट्रिशियनचा विषय आहे.’’

इलेक्ट्रिशियन बोलवावा अशी सूचना मी मांडली. अनुमोदन त्याने दिलं.